घेऊन बघायला काय हरकत आहे?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. एरवी मी इथे पुस्तकं, प्रवास, जुन्या आठवणी असलं काहीबाही लिहिते, त्यामुळे नेहमी येणाऱ्यांना हा सूर वेगळा वाटेल. पण गेले दोन महिने एक वाक्य इतक्या वेळा कानावर आलंय, की त्याचा एकदा नीट समाचार घेतल्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही. ते वाक्य म्हणजे, "झाडपाल्याचंच आहे ना, घेऊन बघायला काय हरकत आहे?"

आधी संदर्भ सांगते. मला २००८ पासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. नात्यात सगळ्यांना माहीत आहे, ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींपैकी काहींना. मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर सुजतं, त्यावर जखमा होतात, शौचातून रक्त आणि आव पडते, आणि आजार जोरात असला की दिवसातून दहा-बारा वेळा धावावं लागतं. ह्याच कुळातला दुसरा आजार म्हणजे क्रोन्स. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गात कुठेही बसू शकतो. दोघांना मिळून इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, थोडक्यात आयबीडी म्हणतात. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच स्वतःच्या आतड्यावर उलटते असा हा प्रकार. औषधांनी तो ताब्यात राहतो, कायमचा जात नाही.

आता माझ्या मामेबहिणीच्या मुलाला हाच आजार निघालाय. वय वर्षं १९. डोंबिवलीहून रोज लोकलने कॉलेजला जाणारा मुलगा. ज्या गाडीत संडास नसतो त्या गाडीत हा आजार घेऊन उभं राहणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच माहीत. त्यामुळे ताईच्या जिवाची घालमेल मला कळते. आणि मी सिंगापूरला राहते म्हटल्यावर फोन माझ्याकडेच येणार हेही ओघानं आलं. "तुझ्याकडे चिनी औषधं चांगली मिळतात ना गं?"

मिळतात. इथे चिनी औषधांची दुकानं आहेत, भिंतभर लहान लहान खण असतात, तराजूवर साली आणि मुळ्या तोलून पुड्या बांधून देतात. चिनी वैद्यांसाठी २००० साली सरकारने कायदा केला, त्यांना नोंदणी सक्तीची आहे. तेव्हा "तिकडे सगळा भोंदूपणा चालतो" असं मी मुळीच म्हणणार नाही. पण ताईकडे आलेली पुडी ह्या दुकानातली नाही. ती ओळखीतल्या कुणीतरी हाँगकाँगहून आणली. आत निळी पूड. वर चार चिनी अक्षरं, ती वाचणारं डोंबिवलीत कुणी नाही. आणि सोबत सल्ला, की महिनाभर ह्या गोळ्या-बिळ्या बंद कर, म्हणजे औषधाला नीट काम करता येईल.

माझं भांडण ह्या पुडीशी आहे. चिनी वैद्यकाशी नाही. हा फरक कळावा म्हणून आधी त्या वैद्यकाची बाजू मांडते, कारण थट्टा करणारेही ह्या घरात कमी नाहीत.

चिनी वैद्यकात अल्सरेटिव्ह कोलायटिस हे नाव अर्थातच नव्हतं. पण "विश्रांती घेऊन घेऊन परत येणारी आव" अशा अर्थाचं एक जुनं नाव त्यांच्याकडे आहे, आणि ते ह्या आजाराचं फार अचूक वर्णन आहे. वैद्य जीभ बघतो, नाडी बघतो. मोठ्या आतड्यात ओलसर उष्णता साठली आहे की प्लीहेची शक्ती कमी पडते आहे, असं काहीसं ठरवतो, आणि त्याप्रमाणे काढा देतो. आपल्याला हे ऐकताना परकं वाटत नाही. पित्त भडकलंय, अग्नी मंद झालाय, संग्रहणी झालीय, हीच भाषा आपण लहानपणापासून ऐकलेली आहे. मला वाटतं आपला विश्वास इतक्या चटकन बसतो त्याचं अर्धं कारण इथेच आहे. भाषा ओळखीची वाटली की माणूस औषधालाही ओळखीचं समजतो.

आता त्या निळ्या पुडीबद्दल. रंगावरून मला शंका आली ती छिंग दायची. म्हणजे चक्क नीळ! जपानी लोक तिला सेइताई म्हणतात. निळीच्या जातीच्या काही झाडांची पानं पाण्यात भिजवून आंबवतात, चुना घालून घुसळतात, आणि वर येणारा निळा फेस काढून वाळवतात. ज्या झाडांपासून ही करतात त्यातलं एक आपल्या सह्याद्रीतल्या कारवीच्या कुळातलं आहे. ह्या पुडीत तीच होती की दुसरंच काही, हे नुसत्या रंगावरून कळायला मार्ग नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर ही छिंग दाय. जपानमध्ये काही रुग्ण ती आपल्या आपण विकत घेऊन खात होते आणि त्यांना बरं वाटत होतं. तिथल्या डॉक्टरांनी नाक मुरडलं नाही. त्यांनी २०१६ साली ३३ रुग्णालयांत मिळून चाचणी सुरू केली. आजार जोरात असलेले ८६ रुग्ण घेतले, त्यांचे चार गट पाडले. एका गटाला नुसती पोकळ, औषध नसलेली कॅप्सूल. बाकीच्या तिघांना रोज अर्धा ग्रॅम, एक ग्रॅम आणि दोन ग्रॅम छिंग दाय. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. आठ आठवड्यांनी ठरलेल्या मोजपट्टीवर बघितलं, तर पोकळ कॅप्सूलवाल्यांपैकी १३.६ टक्के लोकांत सुधारणा. अर्ध्या ग्रॅमवाल्यांत ६९.६ टक्के. एक ग्रॅमवाल्यांत ७५ टक्के. दोन ग्रॅमवाल्यांत ८१ टक्के.

"चिनी जडीबुटी म्हणजे सगळं थोतांड" म्हणणाऱ्यांनी हे आकडे दोनदा वाचावेत. कितीतरी महागड्या औषधांना असे आकडे कधी दिसलेले नाहीत. शिवाय हे कसं होतं ह्याचाही बराचसा उलगडा झालाय. निळीतले काही घटक पेशींमधल्या एका विशिष्ट ग्राहकाला जाऊन चिकटतात, त्यातून आतड्याचं अस्तर भरून यायला मदत करणारं एक द्रव्य तयार होतं. म्हणजे श्रद्धेचा भाग इथे नाही. औषध काम करतं.

आणि आता पुढची गोष्ट, जी पुडी देणाऱ्यांना कुणी सांगितलेली नसते.

ही चाचणी ठरल्याप्रमाणे पुरी झालीच नाही. ती मध्येच थांबवावी लागली. चाचणीबाहेरच्या एका रुग्णाने स्वतः विकत घेतलेली छिंग दाय सहा महिने खाल्ली होती, आणि त्याला पल्मनरी आर्टिरियल हायपरटेन्शन झाल्याचं कळलं. ह्यात फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमन्यांतला दाब वाढतो, जिना चढताना धाप लागते, आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येत जातो. लक्ष दिलं नाही तर जिवावर बेततं. डिसेंबर २०१६ मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने इशारा दिला. मग देशभरातल्या रुग्णालयांकडून माहिती मागवली गेली. छिंग दाय घेतलेल्या ८७७ रुग्णांपैकी ९१ जणांना काही ना काही त्रास झालेला आढळला. यकृताची कुरकुर सर्वांत जास्त, ४० जणांत. आणि फुफ्फुसाच्या धमन्यांचा हा आजार ११ जणांत. म्हणजे साधारण ऐंशीत एक.

चाचणीतल्या आठ आठवड्यांत एकालाही गंभीर त्रास झालेला नव्हता, हेही ध्यानात घ्या. दोन महिन्यांत जे दिसलं नाही ते सहा महिन्यांत दिसलं.

आता मला सांगा, डोंबिवलीतल्या एका मुलाला सहा महिन्यांनी जिना चढताना धाप लागली, तर घरातलं कोण पोटासाठी आणलेल्या निळ्या पुडीकडे बोट दाखवेल? कुणीच नाही. अशक्तपणा म्हणतील, रक्त कमी झालंय म्हणतील, दूध-खजूर सुरू करतील. जपानमध्ये हे उघडकीस आलं, कारण तिथे कोण काय खातंय हे कुणीतरी विचारत होतं आणि लिहून ठेवत होतं. आपल्याकडे पुडी देणारा सांगतो, "डॉक्टरला सांगू नकोस, ते उगाच घाबरवतात."

माझं म्हणणं एवढंच आहे. जे औषध काम करतं ते शरीरात काहीतरी बदलतं, आणि जे शरीरात काहीतरी बदलतं ते नको तिथेही बदलू शकतं. ते झाडातून आलं की कारखान्यातून, ह्याच्याशी शरीराला देणंघेणं नाही. तेव्हा "गुण येतो आणि साइड इफेक्ट मुळीच नाहीत" ही दोन्ही वाक्यं एका दमात बोलणाऱ्या माणसाने ह्यातलं निदान एक वाक्य तपासलेलं नसतं. औषध खरंच चालत असेल तर त्याची मात्रा, मुदत, तपासण्या सगळं हवं. चालत नसेल तर महिनाभर गोळ्या बंद ठेवण्यात जे रक्त जाईल ते फुकट जाईल. "हरकत काय" ह्या प्रश्नाला दोन्हीकडून हरकत आहे!

ह्यावर मला जी उत्तरं मिळाली ती एकेक घेते.

पहिलं उत्तर, "अमक्याच्या मेव्हण्याला गुण आला." आला असेल. पण हा आजार मुळात भरती-ओहोटीचा आहे. काही आठवडे जोर, मग आपोआप शांत, मग पुन्हा जोर. माणूस नवं औषध शोधायला निघतो तो सगळ्यात वाईट दिवसांत, आणि त्यानंतर थोडं बरं वाटण्याची शक्यता तशीही असतेच. ह्याचं एक उदाहरण आपल्या अगदी घरातलं आहे. कोकणातल्यांना किराईत सांगायला नको. ताप आला की आजी जो कडूजहर काढा नाक दाबून पाजायची, तेच. चिनी वैद्यकातही ही वनस्पती आहे, तिथे तिला छुआन शिन लिएन म्हणतात. तिच्या अर्काची एका कंपनीने अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी चाचणी घेतली, ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. २२४ रुग्ण, आठ आठवडे. रोज १८०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांत सुधारणा. १२०० मिलिग्रॅमवाल्यांत ४५ टक्के. आणि पोकळ कॅप्सूल घेणाऱ्यांत ४० टक्के!

म्हणजे शंभरातल्या चाळीस लोकांना काहीही न घेता बरं वाटलं. हे चाळीस लोक खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच बरं वाटलं. त्यांच्यातला प्रत्येक जण कुणाचा तरी मेव्हणा आहे, आणि तो दहा जणांना सांगणार आहे. म्हणून मेव्हण्याच्या साक्षीवर माझा भरवसा नाही. आणि पुढचंही सांगते. ह्या किराईताच्या अर्काची जास्त मोठी, तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली होती. ती २०१४ मध्ये मधेच बंद केली, कारण आतापर्यंतचे आकडे बघता फरक सिद्ध होईल अशी आशा उरली नव्हती. ६० आणि ४० बघून मला स्वतःला फार आशा वाटली असती. पण मोठ्या चाळणीतून ते खाली पडलं. आजीचं किराईत ह्याने खोटं पडत नाही. तिने ते कोलायटिससाठी दिलंच नव्हतं.

दुसरं उत्तर जरा हुशार आहे. "चिनी वैद्य प्रत्येक माणसाची प्रकृती बघून वेगळं औषध देतो, ते असल्या एकछापी चाचण्यांत कसं बसणार?" बसतं. ऑस्ट्रेलियात हे करून बघितलंय, १९९८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आजार वेगळा होता, आयबीएस, म्हणजे आतड्याला सूज किंवा जखम नसताना होणारा पोटाचा त्रास. नावं सारखी असल्यामुळे ह्या दोन आजारांत फार गोंधळ होतो, म्हणून मुद्दाम सांगते. ११६ रुग्णांचे तीन गट पाडले. सगळ्यांनाच चिनी वैद्यांनी तपासलं. एका गटाला वैद्याने प्रकृती बघून दिलेलं औषध मिळालं, दुसऱ्याला सगळ्यांसाठी एकच ठरलेलं मिश्रण, तिसऱ्याला चवीवासाला तसंच लागणारं पण औषध नसलेलं काहीतरी. पहिल्या दोन्ही गटांना तिसऱ्यापेक्षा गुण आला. उपचार चालू असताना प्रकृतीनुसार दिलेलं औषध ठरलेल्या मिश्रणापेक्षा सरस ठरलं नाही, पण औषध थांबवल्यावर १४ आठवड्यांनी त्याचा गुण टिकून होता. बघा, वैद्याच्या प्रकृतिपरीक्षेचीसुद्धा परीक्षा घेता येते, आणि त्यात ती साफ नापासही होत नाही. मग परीक्षेला घाबरायचं कशाला?

तिसरं उत्तर, "हजारो वर्षं लोक घेतायत, वेडे होते का?" मुळीच नव्हते. थू यूयू ह्या चिनी संशोधक बाईंना २०१५ चं नोबेल मिळालं, ते मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनसाठी, आणि त्याचा धागा त्यांना सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात सापडला. हे उदाहरण मला गेल्या दोन महिन्यांत तीनदा ऐकवलं गेलंय. पण त्या बाईंनी काय केलं हे कुणी सांगत नाही. वनस्पती उकळून काढलेला अर्क नीट चालेना. जुन्या ग्रंथात ती पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. त्यावरून त्यांनी ओळखलं की उष्णतेने गुण जात असावा, आणि कमी तापमानाला ईथर वापरून अर्क काढला. उंदरांवर, माकडांवर बघितला, मग स्वतः घेऊन बघितला, मग रुग्णांना दिला. हजार वर्षांच्या ग्रंथाचा ह्यापेक्षा मोठा मान कुणी ठेवला असेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी तो पुडीत बांधून शेजारणीला दिला नाही.

शिवाय हजारो वर्षांच्या अनुभवालाही काही गोष्टी दिसत नाहीत. सकाळी औषध घेतलं आणि संध्याकाळी उलटी झाली, हे परंपरेला चटकन कळतं. औषध घेतलं आणि पाच वर्षांनी मूत्रपिंड गेलं, हे कळत नाही. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन कमी करण्याच्या औषधात एक चिनी वनस्पती घालत होते. तिचं नाव हान फांग ची. तिच्याऐवजी ग्वांग फांग ची नावाची दुसरीच वनस्पती मिसळली गेली. नावात एका शब्दाचा फरक. पण ह्या दुसरीत अॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. शंभराहून जास्त लोकांची, बहुतेक बायकांची, मूत्रपिंडं निकामी झाली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. त्या बायकांनाही कुणीतरी "झाडपाल्याचंच आहे" असं म्हटलंच असणार.

चौथं उत्तर ताईचं स्वतःचं आहे, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. "अगं, ज्यांनी घेतलं त्यांना आठवड्यात फरक पडला म्हणे." ताई, इतक्या झटकन फरक पडला म्हणूनच मला जास्त भीती वाटते. लंडनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये त्वचेच्या आजारांवर दिली जाणारी अकरा चिनी हर्बल मलमं तपासली. त्यातल्या आठांत डेक्सामेथासोन निघालं. म्हणजे स्टेरॉइड, कुठेही न लिहिता मिसळलेलं. इथे सिंगापूरमध्येही सरकारी आरोग्यखातं असली न सांगता स्टेरॉइड मिसळलेली औषधं पुन्हा पुन्हा पकडतं. कोलायटिसला स्टेरॉइडने आठवड्यात फरक पडतो, मी अनुभवलंय. पण ते डॉक्टर मोजून देतात आणि हळूहळू उतरवत बंद करतात. एकदम तोडलं तर शरीर कोसळू शकतं. पुडी संपली आणि हाँगकाँगवाला पाहुणा पुढच्या वर्षी येणार असेल, तर मध्ये काय करणार?

आणि निळ्या पुडीऐवजी उद्या तपकिरी पुडी आली तर? क्रोन्ससाठी चीनमध्ये एक वेल वापरतात, लेइ गोंग थंग, म्हणजे मेघगर्जनेच्या देवाची वेल. ऑपरेशननंतर आजार परत येऊ नये म्हणून नानजिंगच्या डॉक्टरांनी तिच्यावर चाचण्या केल्यात. तीही खरी औषधी आहे, थोतांड नाही. पण ती घेणाऱ्या पुरुषांत शुक्रजंतू कमी होतात हे चिनी डॉक्टरांच्या १९८० च्या दशकातच लक्षात आलं. इतकं, की पुरुषांसाठी संततिनियमनाचं औषध म्हणूनही तिचा अभ्यास झाला. बायकांची पाळी जाते, रक्तपेशी कमी होऊ शकतात. ज्या मुलाचं अजून लग्नसुद्धा व्हायचंय त्याला हे न सांगता देणं ह्याला मी मदत म्हणत नाही, मग देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

आता थोडं दुसऱ्या बाजूला, कारण सगळा राग नातेवाइकांवर काढणं बरोबर नाही. लोक पुडीकडे वळतात ते मूर्ख असतात म्हणून नव्हे. मोठ्या औषधांचा खर्च बघून छाती दडपते. इंजेक्शनं, स्टेरॉइडने सुजलेलं तोंड, "हे आयुष्यभर घ्यावं लागेल" हे वाक्य. आणि समोर डॉक्टर, ज्याच्याकडे सात मिनिटं असतात. एका डॉक्टरांना मी फार वर्षांपूर्वी चिनी काढ्याबद्दल विचारलं होतं. ते हसले. नुसते हसले, आणि पुढचा पेशंट बोलावला. मला त्यांचं हसणं फार धोक्याचं वाटतं. ज्या पेशंटला हसलं जातं तो औषध घेणं थांबवत नाही, सांगणं थांबवतो. मग यकृताचे आकडे का वाढले ह्याचा शोध डॉक्टर भलतीकडेच घेत बसतात. पुढे मला भेटलेल्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, "काय घ्यायचं मनात आहे? नाव लिहून आणा, आपण बघू." त्या दिवसापासून मी त्यांच्यापासून काही लपवलेलं नाही.

आणि संशोधन थांबलंय असंही नाही. इस्रायल आणि ग्रीसमधल्या डॉक्टरांनी छिंग दाय आणि हळदीतलं कुर्क्युमिन एकत्र करून ४२ रुग्णांवर चाचणी घेतली. आठ आठवड्यांनी त्यांची ठरवलेली कसोटी औषध घेणाऱ्यांपैकी ४३ टक्क्यांनी पार केली, पोकळ गोळीवाल्यांपैकी ८ टक्क्यांनी. (काका, "बघ, मी म्हटलं नव्हतं, हळद!" असा फोन करण्याआधी लक्षात घ्या, त्यात ती निळी छिंग दायही होती, आणि ४२ हा आकडा लहान आहे.) उद्या ह्यातून एखादं स्वस्त औषध निघालं, धमन्यांवर नजर कशी ठेवायची तेही ठरलं, तर सगळ्यात आधी मी घेईन. चिनी नाव आहे म्हणून मागे हटणार नाही.

तेव्हा ताई, आणि ज्यांच्या घरी असली पुडी आलेली आहे अशा सगळ्यांनी, घेण्याआधी देणाऱ्याला एवढं विचारा. आत नेमकी कुठली वनस्पती आहे, तिचं शास्त्रीय नाव काय? रोज किती, आणि किती दिवस? कुठल्या तपासण्या करायच्या, यकृताची कधी, हृदयाचा इको कधी? काय झालं तर ताबडतोब बंद करायचं? आणि ह्या मुलाच्या डॉक्टरांशी तुम्ही स्वतः बोलाल का? ह्याची उत्तरं देणारा चिनी वैद्य भेटला तर मी स्वतः मुलाला घेऊन जाईन, विमानाचं तिकीट माझं. उत्तरं नसतील तर पुडी कपाटात ठेवा. फेकूही नका, डॉक्टरांना दाखवायला नेता येईल. आणि एक गोष्ट तर काही झालं तरी करायची नाही. चालू गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करायच्या नाहीत. "औषधाला नीट काम करता यावं म्हणून" असं कुणी सांगितलं तर त्या माणसाला चहा द्या आणि विषय बदला.

ह्या मुलाच्या पुढे चाळीस-पन्नास वर्षं हा आजार घेऊन जगायचंय. नोकरी, लग्न, प्रवास सगळं करता येतं, मी करतेय. पण त्यासाठी त्याला लहानपणापासून आपण शिकवलेली एक गोष्ट विसरावी लागेल, ती म्हणजे मोठ्यांनी प्रेमाने दिलेलं निमूटपणे घ्यावं. त्याने "ह्यात काय आहे?" असं विचारलं तर कृपा करून त्याला उर्मट म्हणू नका.

असो. भांडून झालं. ज्यांना राग आला असेल त्यांनी जरूर फोन करावा, फक्त तुमच्याकडच्या साडेसातच्या आत. तेव्हा इथे रात्रीचे दहा वाजतात आणि मला झोप लागते.